फिल्टर मीडिया (घरगुती मत्स्यालय)

मत्स्यालयातील पाणी ज्या पदार्थांतून फिरवून शुद्ध केले जाते, ते म्हणजे फिल्टर मीडिया: स्पंज, पांढरा कापूस, सिरॅमिक रिंग, बायोबॉल (प्लॅस्टिकचे जाळीदार गोळे), सक्रिय कोळसा इत्यादी. कचरा अडवणे हे त्यांचे डोळ्यांना दिसणारे काम. मासे जगतात ते मात्र मुख्यतः दुसऱ्या कामावर, म्हणजे जीवाणूंना बसायला जागा देण्यावर.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात; उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. मीडियावर वाढणारे नायट्रोसोमोनाससारखे सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा त्याचे नायट्रेट. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या टप्प्याचे श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेले आढळते. दोन्ही टप्पे एकट्यानेच पार पाडणारे नायट्रोस्पायराही २०१५ मध्ये उजेडात आले. अमोनिया व नायट्राइट थोडेसेही घातक. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून पाणी बदलून कमी करता येते. नव्या टाकीत जीवाणूंची ही वसाहत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. निरोगी, चालू टाकीतला मळका स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला, तर हा काळ बराच घटतो.

मीडिया रचताना पाणी आधी जाड स्पंजातून, मग कापसातून आणि शेवटी सिरॅमिक रिंगांतून जावे. क्रम उलटला तर रिंगांची छिद्रे गाळाने बुजतात. महागड्या मीडियाच्या डब्यावर पृष्ठफळाचे मोठमोठे आकडे छापलेले असतात, पण ज्या छिद्रापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही ते या जीवाणूंच्या कामाचे नाही. मोजके गप्पी किंवा कोळंबी असलेल्या छोट्या टाकीला एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो, आणि त्यात पिल्ले ओढली जात नाहीत. सक्रिय कोळसा पाण्याचा पिवळेपणा, वास आणि औषधेही शोषतो. म्हणून उपचार चालू असताना तो काढून ठेवावा. एरवीही काही आठवड्यांत तो निकामी होतो. झिओलाइट हे खनिज अमोनिया धरून ठेवते, पण पाण्यात मीठ पडले की तोच अमोनिया परत सोडते.

फिल्टरचा प्रवाह मंदावला की मीडिया धुवावा, तोही टाकीतून काढलेल्या पाण्यातच. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंना मारतो. कापूस फेकला तरी चालतो. स्पंज मात्र लिबलिबीत होऊन दाबल्यावर पूर्ववत फुलेनासा होईपर्यंत वापरावा. दरमहा संपूर्ण कार्ट्रिज बदलण्याची पाकिटावरची सूचना विक्रीच्या सोयीची असते. ती पाळणारा दर महिन्याला आपली वसाहत कचऱ्यात टाकतो. बदलणे भागच असेल, तर अर्धा मीडिया आता आणि उरलेला काही आठवड्यांनी.

भारनियमन असलेल्या गावांत बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर जपून वापरावा. वीज काही तास नसली, तर आतला ऑक्सिजन संपून पाणी कुजू लागते. असा फिल्टर सुरू करण्यापूर्वी डब्यातले पाणी ओतून द्यावे आणि मीडिया टाकीच्या पाण्यात खळबळून घ्यावा.

नायट्रेट बनण्याच्या क्रियेत पाण्यातील क्षारताही खर्च होते. केवळ आरओचे पाणी भरलेल्या टाकीत त्यामुळे सामू (pH) घसरत जातो, आणि तो सहाच्या खाली गेला की जीवाणूंचे काम फार मंदावते. अशा वेळी शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्येच ठेवतात. डिस्कस, निऑन टेट्रा अशा मऊ पाण्याच्या माशांसाठी तो बेतानेच घालावा.