ऑनलाइन अर्जाला फाइल कशी जोडली जाऊ लागली: पार्श्वभूमी

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोल्हापुरातील महा-ई-सेवा केंद्रांत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, फोटो आणि सही अपलोड करून घेणाऱ्यांची गर्दी होते आणि ‘फाइल साइज जास्त आहे’ किंवा ‘फॉरमॅट चालत नाही’ एवढ्या एका ओळीवर अनेकांचे अर्ज अडतात. हे निर्बंध कसे आले आणि त्यांतले आज कोणते आवश्यक आहेत, हे समजून घ्यायचे तर १९९५ सालापर्यंत मागे जावे लागते.

तोपर्यंत वेबवरील फॉर्ममध्ये फक्त मजकूर भरता येत असे. इनपुटचे आठच प्रकार होते आणि त्यांत फाइलचा प्रकार नव्हता. भरलेली माहिती पाठवताना साध्या इंग्रजी अक्षर-अंकांपलीकडच्या प्रत्येक बाइटच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे, म्हणजे एकूण तीन चिन्हे लिहिली जात. यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत ‘क’ हे एक अक्षर तीन बाइटचे असल्याने ते या पद्धतीने नऊ चिन्हांचे होते. फोटोतले बहुतेक बाइट असेच असल्यामुळे फोटो या मार्गाने पाठवायचा झाल्यास त्याचा आकार दुपटीहून अधिक वाढला असता.

नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मासिंटर यांनी आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्यावर उपाय मांडला. त्यासाठी त्यांनी ई-मेलच्या जोडपत्रांकरिता १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेली माइम पद्धत आधाराला घेतली. फॉर्ममधील प्रत्येक रकाना हा स्वतंत्र भाग होतो, दोन भागांमध्ये मजकुरात कुठेही न येणारी एक सीमारेषा टाकली जाते आणि प्रत्येक भागाच्या डोक्यावर रकान्याचे नाव, फाइलचे नाव व तिचा प्रकार लिहिला जातो. त्याखाली फाइलचे बाइट जसेच्या तसे जातात. वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या जानेवारी १९९७ मधील ३.२ या आवृत्तीत फाइलचा रकाना अधिकृत झाला. पुढे १९९८ आणि २०१५ मध्ये नियम नव्याने लिहिले गेले, पण आजचा दाखलाही याच रचनेतून जातो.

वापरकर्त्याने स्वतः निवडल्याशिवाय ब्राउझरने कोणतीही फाइल पाठवू नये, ही ताकीद त्या पहिल्याच दस्तऐवजात होती. म्हणूनच कोणत्याही संकेतस्थळाला हा रकाना आधीच भरून ठेवता येत नाही.

सर्वांत महाग पडलेला धडा मात्र विश्वासाचा होता. भागाच्या डोक्यावरचे नाव आणि प्रकार हे पार्सलवर पाठवणाऱ्यानेच लिहिलेल्या चिठ्ठीसारखे असतात. ‘फोटो’ असे लिहिले म्हणून आत फोटोच असेल असे नाही. सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकावर, वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्त्यांत फाइल तिथे तात्पुरती कुठे ठेवली आहे, हे रकान्याच्याच नावाच्या चलात (व्हेरिएबलमध्ये) येत असे. हल्लेखोराने फाइल न पाठवता त्या नावाने सर्व्हरवरील दुसऱ्याच गोपनीय फाइलचा मार्ग लिहून पाठवला, तर बेसावध प्रोग्राम ती फाइल उचलून उघड्या जागी ठेवी. २००० मध्ये हे उघडकीस आल्यावर, आलेली फाइल खरोखर अपलोड झालेली आहे का हे तपासूनच ती हलवणारे स्वतंत्र फंक्शन पीएचपीत आले. फेब्रुवारी २००२ मध्ये अपलोडचे भाग सुटे करणाऱ्या कोडमध्येच गंभीर दोष सापडले आणि ४.१.२ ही आवृत्ती तातडीने काढावी लागली. तेव्हापासून जाणते प्रोग्रामर फाइलच्या नावाच्या शेपटावर (.jpg, .pdf) न विसंबता तिचे सुरुवातीचे बाइट पाहतात, तिला स्वतःचे नवे नाव देतात आणि जिथून ती प्रोग्राम म्हणून चालवली जाणार नाही अशा ठिकाणी ठेवतात. ‘उत्पन्नाचा दाखला’ हे मूळ मराठी नाव डेटाबेसमध्ये नोंदवले म्हणजे तेही हरवत नाही.

आकाराची मर्यादाही सर्व्हरच्या बचावासाठीच आली. काही बदलले नाही तर पीएचपी एका फाइलला २ एमबी आणि संपूर्ण अर्जाला ८ एमबीची मर्यादा घालते, तर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हरचा प्रोग्राम १ एमबीच्या वरची विनंती ४१३ क्रमांकाची त्रुटी देऊन परत पाठवतो. अर्ज ८ एमबी ओलांडतो तेव्हा पीएचपीच्या प्रोग्रामला फाइलच नव्हे, तर टाइप केलेले एकही उत्तर मिळत नाही. त्याची दखल प्रोग्राममध्ये घेतलेली नसेल, तर अर्धा तास खपून भरलेला फॉर्म विद्यार्थ्यासमोर कोराच येतो. बँक भरतीची परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागते. लाखो अर्ज साठवणाऱ्या संस्थेची ही गरज समजण्यासारखी आहे, पण मोबाइलचा फोटो सहज काही एमबीचा असल्याने तो लहान करण्यासाठी उमेदवाराला केंद्र गाठावे लागते.

ही पायपीट तांत्रिकदृष्ट्या आता अपरिहार्य राहिलेली नाही. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या फायरफॉक्स ३.६ पासून निवडलेली फाइल पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच वाचण्याची सोय येऊ लागली, आणि पुढे ती सर्वच प्रमुख ब्राउझरांत रुळली. फोटोचा आकार तिथल्या तिथे मोजणे, तो कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या चित्र काढण्याच्या जागेवर) लहान करणे आणि अर्जदाराला दाखवून मगच पाठवणे ही कामे फॉर्म बनवणाऱ्याला थोड्या कोडमध्ये करता येतात. सर्व्हरवरची तपासणी त्यामुळे टळत नाही, कारण ब्राउझरमधली तपासणी कोणीही वगळू शकतो. पण प्रामाणिक अर्जदाराची चूक त्याने ‘सबमिट’ दाबण्यापूर्वीच त्याला दाखवता येते.