अपघातानंतर रस्त्यावर काय बोलायचं, विमा कंपनीशी कसं वागायचं: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ठोकलेली गाडी आमच्या गॅरेजात येते तेव्हा पत्रा सरळ करणं, रंग मारणं हे आमचं काम असतं आणि ते आम्ही करतो. पण पुष्कळदा गाडीबरोबर येणारा माणूसच जास्त मोडलेला असतो. कुणी भररस्त्यात त्याची कॉलर धरलेली असते, बायको-मुलांसमोर शिवीगाळ केलेली असते, घोळक्याने घेरून "मिटवा, नाहीतर बघा" म्हणत पैसे काढायला लावलेले असतात. पुढे विमा कंपनीच्या फोनवरही कुणी धड बोलत नाही. यात ग्राहकांचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं टाळता येतं. म्हणून हे पत्रक. गाडीच्या डॅशबोर्डाच्या कप्प्यात ठेवा आणि घरात जो जो गाडी चालवतो, त्याला वाचायला लावा.

पहिली दहा मिनिटं

आधी माणसं बघा. कुणाला लागलं असेल तर १०८ ला रुग्णवाहिकेसाठी आणि ११२ ला पोलिसांसाठी फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा. रुग्णवाहिका आणि क्रेन दोन्हींसाठी तो नंबर चालतो. खंबाटकी घाटात किंवा पुणे-सातारा रस्त्यावर गाडी ठोकली की लोक तिथेच गाडीशेजारी उभं राहून हुज्जत घालतात आणि मागून ट्रक येत असतो. असं करू नका. चारही इंडिकेटर चालू करा, मागे त्रिकोण ठेवा आणि सगळ्यांना घेऊन रेलिंगच्या पलीकडे जा. भांडण तिथूनही करता येतं.

गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढा: दोन्ही गाड्या नंबर प्लेटसकट, ब्रेकच्या खुणा, रस्त्याची रुंदी आणि मागे एखादं दुकान किंवा मैलाचा दगड. जवळून काढलेल्या चार फोटोंपेक्षा दहा पावलं मागे जाऊन काढलेला एक फोटो सर्व्हेअरला (विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याला) जास्त सांगतो. खालून तेल किंवा कूलंट गळत असेल तर इंजिन पुन्हा सुरू करू नका. ठोकलेली गाडी तशीच चालवल्यामुळे जे नुकसान वाढतं त्याची जबाबदारी मालकावर, अशी अट पॉलिसीत असते. रेडिएटर फुटलेला असताना "गावापर्यंत नेऊ" म्हणून गाडी आणली आणि इंजिन बसलं, तर बंपरचे पैसे मिळतील, इंजिनाचे मिळणार नाहीत.

"मिटवून टाका" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं

या पत्रकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मोटार विम्याच्या पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, भरपाईचं आश्वासन द्यायचं नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत. आम्हाला भेटणाऱ्यांपैकी फार थोड्या लोकांनी ती वाचलेली असते. रस्त्यावर तुमची खरी ढाल तीच आहे. समोरचा कितीही चढ्या आवाजात बोलत असला तरी शांतपणे एवढंच सांगा:

"दादा, तुमचं नुकसान झालंय ते मला दिसतंय. पण इन्शुरन्सच्या अटीप्रमाणे मला इथे काही कबूल करता येत नाही, पैसेही देता येत नाहीत. हा माझ्या पॉलिसीचा नंबर, ही कंपनी. तुमचा नंबर द्या."

या वाक्यात कुणाचाही अपमान नाही, आणि निर्णय तुमच्या हातात नाही हे समोरच्याला कळतं. तो पुन्हा बोलला तर तुम्हीही तेच वाक्य पुन्हा म्हणा. नवं काही बोलू नका. "मी फोनवर होतो", "मला दिसलंच नाही", "माझंच चुकलं" हे त्या क्षणी घाबरून तोंडातून निघतं, आणि कुणाच्या तरी मोबाइलमध्ये रेकॉर्ड होतं. चूक कुणाची हे रस्त्यावर ठरत नाही. ते पंचनाम्यावरून ठरतं, वेळ पडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ठरतं. तुमची चूक नसतानाही दबावाखाली "चूक माझी" असं कागदावर लिहून देऊ नका.

गाडीची चावी आणि मूळ लायसन्स कुणाही खासगी माणसाच्या हातात देऊ नका. डिजीलॉकर किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रं कायद्याने चालतात. पोलिसांना तीच दाखवा.

साधे ओरखडे असतील, कुणालाही लागलेलं नसेल आणि दोघेही समजूतदार असाल, तर "आपापल्या गाडीचा खर्च ज्याने त्याने करायचा" हे एका कागदावर तारीख-वेळ घालून, दोन्ही गाड्यांचे नंबर लिहून, दोघांच्या सह्या करून मोकळे व्हा. आम्हालाही ते बरंच वाटतं. मात्र कुणाला इजा झाली असेल तर तडजोड करायची नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं, २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणं हे चालकाचं कर्तव्य आहे.

जमाव चिडलेला असेल तर

थांबून मदत करावी की जीव वाचवावा, हा प्रश्न ग्राहक आम्हाला दबक्या आवाजात विचारतात. कायद्याने त्याचा विचार केलेला आहे. जखमीला दवाखान्यात नेण्याची सक्ती सांगणाऱ्या त्याच कलमात, जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर ही सक्ती लागू नाही, असा अपवाद दिला आहे. अंगावर धावून येणारे लोक असतील तर गाडीची दारं लॉक करा, ११२ लावा आणि तिथून निघून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा. निघून पोलिसांकडे जाणं वेगळं आणि पळून जाणं वेगळं. घरी जाऊन बसलात, तर दुसऱ्या प्रकारात मोडाल. ठाणे अंमलदार "ही आमची हद्द नाही" म्हणाले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्यायची विनंती करा. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते.

शिवीगाळ, धमकी, वाट अडवून ठेवणं, पैसे दिल्याशिवाय जाऊ न देणं हे सगळं १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. धमकीसाठी कलम ३५१, भांडण उकरून काढण्यासाठी केलेल्या अपमानासाठी ३५२, अडवणुकीसाठी १२६ आणि धाक दाखवून पैसे उकळण्यासाठी ३०८. हे आकडे रस्त्यावर समोरच्याच्या तोंडावर फेकण्यासाठी नाहीत. तिथे कलमं सांगितली की आग भडकतेच. नंतर ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) किंवा तक्रार नोंदवताना ते उपयोगी पडतात.

बाई एकटी असेल, वयस्कर माणूस असेल, तर पोलीस येईपर्यंत काच खाली करू नये. घरच्या कुणाला तरी फोन लावून तो चालूच ठेवावा.

जखमीच्या नातेवाइकांशी

नातेवाईक येतात तेव्हा ओरडतच येतात. त्यांच्या आरडाओरड्यामागे बहुतेक वेळा एकच भीती असते, दवाखान्याचं बिल कोण भरणार याची. ती तुम्हाला कमी करता येते. ५ मे २०२५ ला केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार मिळू शकतात. हे त्यांना सांगा. जवळचं नेमलेलं रुग्णालय कुठलं हे ११२ वर विचारा.

तुमच्या पॉलिसीची माहितीही त्यांना द्या. ती लपवण्यात काही अर्थ नाही. थर्ड पार्टी विमा असतो तो याचसाठी. जखमीला किंवा मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि मंजूर झालेली भरपाई तुमची विमा कंपनी देते. शक्य असेल तर दोन दिवसांनी माणसाची विचारपूस करायला जा. चूक कबूल न करताही माणुसकीने वागता येतं, आणि ते करावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

क्लेम करावा की खिशातून भरावं

गाडी आत आली की आम्ही आधी हा हिशेब मांडतो. समजा गाडी साडेतीन वर्षांची आहे आणि झिरो डेप (भाग जुना झाल्याचा घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलेलं नाही. बंपर ८,०००, बॉनेट १२,०००, पुढची काच ९,०००, रंगकाम १२,०००, मजुरी ६,०००. कर सोडून एकूण ४७,०००. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणून बंपरचे ४,००० तुमचे. धातूच्या भागाला तीन ते चार वर्षांच्या गाडीत २५ टक्के, म्हणजे बॉनेटचे ३,०००. काचेवर घसारा नाही. रंगाच्या बिलातला पाव भाग साहित्याचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे १,५००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट. तुमच्या खिशातून ९,५००, कंपनीकडून ३७,५००. इथे क्लेम करावा.

आता नुसता बंपर फुटलाय आणि सगळं मिळून ८,००० चं काम आहे असं धरा. हातात ४,००० च्या आसपास येतील. पण ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) असेल तर तो शून्यावर येतो आणि पुढच्या नूतनीकरणांना २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० वर पोचतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी ९,००० असेल आणि तो तेवढाच राहील असं धरलं, तर पाच वर्षांत ११,२५० रुपये जास्त जातील. चार हजारांसाठी हे करू नये असं आम्ही स्पष्ट सांगतो, यात आमचं काम रोखीचं होतं की विम्याचं याचा संबंध नाही.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांपलीकडे गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली धरतात. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही पाडून घेऊ नका.

"चूक समोरच्याची, मग माझ्या पॉलिसीतून का?" हा राग समजण्यासारखा आहे. पण आपल्याकडे समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून गाडीचं नुकसान वसूल करायचं तर न्यायाधिकरणाची वाट धरावी लागते आणि तिला वेळ लागतो. गाडी लवकर रस्त्यावर हवी असेल तर आपल्याच पॉलिसीतून काम करून घेणं व्यवहाराचं ठरतं.

सर्व्हेअर, कॉल सेंटर आणि वरच्या पायऱ्या

कंपनीला लगेच कळवा आणि क्लेम नंबर घ्या. सर्व्हे होईपर्यंत आम्ही एकही नट सोडत नाही. ग्राहकांनी घाई केली तरी नाही. काही कारणाने कळवायला उशीर झाला तर खरं कारण लिहून द्या. केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये, असं इरडाने (विमा कंपन्यांच्या सरकारी नियामकाने) २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलेलं आहे. ५०,००० च्या वरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय कळवायचा, असा २०२४ पासूनचा नियम आहे.

फोनवर कुणी उर्मटपणे बोललं तर आवाज चढवू नका. नाव आणि वेळ लिहून घ्या आणि तेच बोलणं ईमेलने पाठवा: "आज दुपारी आपल्या प्रतिनिधींनी मला असं सांगितलं, कृपया लेखी कळवा." तोंडी दिलेला नकार लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा मवाळ होतो. काम झालं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग इरडाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे. आपल्या भागासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. लोक इथपर्यंत जातच नाहीत. जायला हवं.

दोन गोष्टी आम्ही करणार नाही

मागच्या दाराचा जुना डेंट या क्लेममध्ये घालून द्या, असं कृपया सांगू नका. आणि गाडी लायसन्स नसलेल्या मुलाने चालवली असताना वडिलांचं नाव लिहायला सांगू नका. खोटं उघड झालं तर सगळाच क्लेम जातो, आणि त्या अपघातात कुणी जखमी असेल तर गोष्ट क्लेमपुरती राहत नाही.

गाडी आणताना आरसी, पॉलिसी आणि अपघाताच्या वेळी जो खरोखर चालवत होता त्याचं लायसन्स आणा. पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची प्रत आणा, आणि रस्त्यावर काढलेले फोटो मोबाइलमधून पुसू नका. इस्टिमेट आम्ही लेखी देतो, त्यात तुमचा वाटा किती आणि कंपनीचा किती हे वेगळं दाखवतो. बदललेले भाग रीइन्स्पेक्शन (दुरुस्तीनंतरची फेरतपासणी) होईपर्यंत तुमच्या गाडीचा नंबर टाकून बाजूला ठेवलेले असतात. कधीही येऊन बघा.