ग्राउंड हम (घरगुती ध्वनिसंच)

ग्राउंड हम : गाणे बंद असतानाही स्पीकरमधून येणारी एकसुरी घरघर. भारतातला वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असल्याने हा आवाज बहुधा ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींतला असतो. दोन उपकरणे वेगवेगळ्या वाटांनी अर्थला (जमिनीत जाणाऱ्या सुरक्षा तारेला) जोडलेली असतात आणि सिग्नल केबलच्या जाळीनेही (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणाने) ती एकमेकांना जोडली जातात. असे अर्थचे वेटोळे पुरे झाले, की त्यातून गळतीचा प्रवाह फिरतो. जाळीवर पडणारा काही मिलिव्होल्टचा फरक गाण्यात मिसळतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तोही इमानाने वाढवतो.

घरात पहिला संशय केबल टीव्हीच्या वायरवर घ्यावा. तिची जाळी बाहेर कुठेतरी केबलवाल्याच्या अर्थला टेकलेली असते, अ‍ॅम्प्लिफायर घरच्या अर्थला. गोव्यात यात जमिनीची भर पडते. सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) जांभ्यात ओल टिकत नाही. मार्च ते मे अर्थपिट (अर्थची तार जिथे जमिनीत पुरतात तो खड्डा) कोरडा पडतो, त्याचा रोध वाढतो आणि दोन अर्थमधला फरकही वाढू शकतो. पिटात पाणी ओतल्यावर घरघर कमी झाली, तर रोग तिथेच आहे. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने आरसीए (ऑडिओ केबलच्या टोकाच्या) पिनांवर हिरवा थर चढतो. जाळीचा संपर्क तुटूनही घरघर येते, पण ते वेटोळे नव्हे. पिना घासून किंवा केबल बदलून काम भागते.

शोध घेताना अ‍ॅम्प्लिफायर बंद करून सर्व इनपुट केबल काढाव्यात. चालू केल्यावरही आवाज राहिला आणि व्हॉल्यूम फिरवून बदलला नाही, तर दोष बहुधा आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये असतो. तेव्हा सूर १०० हर्ट्झचा लागतो. झाकण उघडणे मेकॅनिकचे काम, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो. आवाज गेला असेल तर एकेक केबल परत लावावी, प्रत्येक वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून. जिच्यामुळे घरघर परतते ती वाट सापडली. रेकॉर्ड प्लेअरची बारीक अर्थ वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘जीएनडी’ स्क्रूला लावायची राहून गेलेली असते, तेही पाहावे.

उपाय स्वस्तापासून सुरू करावेत. सगळा संच एकाच तीन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावा. वीजतारा आणि सिग्नल केबल शेजारून नेऊ नयेत, ओलांडायच्याच तर काटकोनात. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने घेतला तर धातूचा संबंधच तुटतो. ती सोय नसेल तर आरसीए जोडणीत १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर (धातूचा जोड तोडून सिग्नल तेवढा पुढे नेणारी डबी) बसवावा. फार स्वस्त आयसोलेटरमध्ये खर्ज पातळ होतो. केबल टीव्हीच्या वायरवर कोअ‍ॅक्स आयसोलेटर चालतो, डिश अँटेनाच्या वायरवर मात्र नाही : त्याच वायरने वरच्या एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातो आणि साधा आयसोलेटर तो अडवतो.

वेटोळे सिग्नलच्या बाजूने तोडावे, वीजपुरवठ्याच्या अर्थला हात लावू नये. अर्थची जाड पिन कापली किंवा दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरने चुकवली की घरघर जाते, म्हणून हा ‘इलाज’ सर्रास होतो. पुढे ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटले, तर अ‍ॅम्प्लिफायरची पेटी आणि जाळीतून जोडलेली इतर उपकरणेही २३० व्होल्टवर जातात. जुन्या घरांत अर्थ वायर नसलेल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेले आढळते, ते तर आणखी वाईट : न्यूट्रल तुटला की पेटी थेट जिवंत होते. संचासाठी अंगणात वेगळी अर्थ कांब ठोकणेही चूक. ती मुख्य अर्थला जोडलेली नसेल, तर वेटोळे मोठेच होते आणि वीज कोसळली की दोन अर्थमध्ये प्रचंड दाब उभा राहतो.

सॉकेटवर फेज-अर्थ सुमारे २३० आणि न्यूट्रल-अर्थ साधारण २-३ व्होल्टच्या आत दिसावा. तरी मल्टिमीटर अर्थचा रोध सांगत नाही. तो परवानाधारक वायरमनने अर्थ टेस्टरने मोजावा. पेटीला हात लावताच झिणझिण्या आल्या तर आधी हेच तपासावे. बोर्डावर ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावी, पण ती अर्थची जागा घेत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गडगडाटाची चाहूल लागताच प्लग आणि टीव्हीची वायर दोन्ही काढावीत. आयसोलेटर विजेपुढे टिकत नाही.