हरकती व सूचना (विकास योजना)

शहराच्या पुढील सुमारे वीस वर्षांच्या जमीन वापराचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांनी त्यावर लेखी म्हणणे मांडण्याची व त्याची सुनावणी होण्याची वैधानिक पद्धत. महाराष्ट्रात ती मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याखाली चालते. वृत्तपत्रांत व बोलण्यात ‘विकास आराखडा’ किंवा नुसते ‘डीपी’ (डेव्हलपमेंट प्लॅन) हे शब्द रूढ आहेत; ‘विकास योजना’ ही संज्ञा अधिक काटेकोर आहे. आराखडा म्हटले की नकाशा डोळ्यांपुढे येतो. योजनेत मात्र अहवाल, आरक्षणांची (सार्वजनिक उपयोगासाठी राखलेल्या जागांची) यादी व विकास नियंत्रण नियमावली (बांधकामाचे नियम) यांचाही अंतर्भाव असतो. पुष्कळशा हरकती नकाशावर येतात आणि नियमावली वाचली जात नाही, यामागे हा शब्दांचा घोळही थोडासा असावा.

व्यवहारात ‘हरकत’ ही ज्याच्या जमिनीवर रस्ता वा आरक्षण आले त्याची आणि ‘सूचना’ ही त्रयस्थाची, असे मानले जाते. दोन्ही अर्जांचा पुढचा मार्ग एकच असतो.

उगम : या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते दिसतात. पहिल्या मतानुसार ती ब्रिटिश कायद्यातून आली. मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ हा ब्रिटनमधील १९०९ च्या कायद्यानंतर अवघ्या सहा वर्षांत झाला. मात्र त्याचा विषय संपूर्ण शहर नसून मर्यादित क्षेत्राच्या नगररचना योजना हा होता. तीत म्हणणे ऐकले जाई ते भूखंडधारकांचे, तेही लवादापुढे. भाडेकरू किंवा वाटसरू यांना त्यात स्थान नव्हते. संपूर्ण शहराची विकास योजना स्थानिक प्राधिकरणांवर बंधनकारक झाली ती पुढील कायद्याने, म्हणजे मुंबई नगररचना अधिनियम, १९५४ याने. या कायद्याच्या सनाबाबत संदर्भग्रंथांत गोंधळ आढळतो. त्याच्या नावात १९५४ असले, तरी तो १९५५ चा २७ वा अधिनियम असून अंमल १९५७ पासून धरला जातो.

दुसरे मत या परंपरेचे श्रेय स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना देते. गेडिस यांनी १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातील काही शहरांवर अहवाल लिहिले व पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयाचे ते प्राध्यापक झाले. होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी दिवाळीच्या सुमारास काढलेल्या मिरवणुकीचे वर्णन प्रसिद्ध आहे. ज्या रस्त्यांवर घरांची सफाई व डागडुजी सर्वांत चांगली होईल, त्या रस्त्यांवरून ती जाणार होती. तीत प्लेगचा राक्षसी उंदीर होता आणि त्या प्रसंगासाठी कल्पिलेली ‘इंदूर नगरी’ ही देवता होती. तिच्या ध्वजावर नियोजित शहराचा नकाशा होता. नवे रस्ते तांबड्या रंगाने ठळक केले होते, म्हणजे आपल्या घराजवळून काय जाणार हे रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाला पाहता यावे. हे वर्णन मुख्यतः गेडिस यांच्याच कथनावर आधारलेले असल्याने तपशील जपून घ्यावे लागतात. शिवाय त्या मिरवणुकीत लोकांना नकाशा दाखवला गेला. तो बदलण्याचा हक्क दिला गेला नव्हता. त्यामुळे वैधानिक परंपरा कायद्यातून आली, हे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. गेडिस यांच्याकडून घेण्यासारखी होती ती नकाशा लोकांना वाचता येईल असा काढण्याची कळकळ, आणि नेमकी तीच कायद्यात उतरली नाही.

१९६६ च्या अधिनियमातील क्रम : कलम २३ खाली योजना तयार करण्याचा इरादा राजपत्रात जाहीर होतो. कलम २५ प्रमाणे विद्यमान भूवापर नकाशा तयार होतो. कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या जातात. कलम २८ प्रमाणे त्या नियोजन समितीकडे जातात. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य व जास्तीत जास्त चार नियुक्त तज्ज्ञ असतात. ही समिती सुनावणी घेऊन अहवाल देते. बदल सारभूत स्वरूपाचे असल्यास कलम २९ खाली पुन्हा सूचना प्रसिद्ध करावी लागते. त्यानंतर योजना शासनाकडे जाते व कलम ३१ खाली मंजूर होते. शासनाने सुचवलेले सारभूत बदल ‘वगळलेला भाग’ (ईपी) म्हणून बाजूला काढले जातात व त्यांवर स्वतंत्र हरकती मागवल्या जातात. मंजूर योजनेतील किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली होतात.

सुनावणीचे स्वरूप साधे असते. अर्जदाराच्या हातात सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आवक शिक्का मारलेली पोच आणि नकाशाच्या एका तुकड्याची झेरॉक्स असते. मूळ नकाशात पिवळा रंग निवासी, जांभळा औद्योगिक. झेरॉक्समध्ये दोन्ही राखाडी होतात, आणि आपला सर्व्हे नंबर रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे दाखवण्यातच बोलण्याची वेळ बरीचशी जाते.

१९६४ चा मसुदा व नवी मुंबई : एका सूचनेने शहराची दिशा बदलली, असे याचे उदाहरण नेहमी दिले जाते. बृहन्मुंबईची पहिली विकास योजना १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी पर्याय मांडला : बेट उत्तरेकडे ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. मुल्कराज आनंद संपादित ‘मार्ग’ या नियतकालिकाने १९६५ मध्ये या विषयाला जागा दिली. कल्पनेचे जनकत्व मात्र वादग्रस्त आहे. समोरच्या मुख्य भूमीचा विकास करावा, असे युद्धोत्तर विकास समितीने १९४५ मध्येच सुचवले होते. मोडक–मेयर आराखड्याचा भर शहर, उपनगरे व उपग्रह शहरे यांच्या नियंत्रित विकासावर होता. बर्वे समितीने १९५९ मध्ये ठाणे खाडीवर रेल्वे व रस्ता यांचा पूल आणि पलीकडे वसाहत सुचवली. द. रा. गाडगीळ यांच्या समितीनेही १९६६ मध्ये विकेंद्रित वसाहतींची शिफारस केली. यावरून खाडीपलीकडची जागा आधीच ठाऊक होती असे दिसते. तिघांचे वेगळेपण असे, की उपनगर नव्हे तर जोडशहर हा विचार त्यांनी मसुद्याच्या तोंडावर, सर्वांना कळेल अशा रीतीने ठेवला. हे शहर वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली.

या कथेची दुसरी बाजू संदर्भग्रंथांत त्रोटक येते. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेण्याचे ठरले. क्षेत्र सुमारे ३४४ चौ. किमी. ही गावे बृहन्मुंबईच्या हद्दीबाहेर होती, म्हणून १९६४ च्या मसुद्याशी त्यांचा संबंधच नव्हता. ज्या चर्चेतून त्यांच्या शेतांचे व मिठागरांचे भवितव्य ठरले, तीत त्यांचे नाव नव्हते. भूसंपादनाच्या अधिसूचना १९७० मध्ये आल्या आणि विकास योजनेचा मसुदा त्यानंतर, १९७३ मध्ये. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना याच लढ्याचे फलित आहे. हरकतीचा हक्क नियोजनक्षेत्राच्या रेषेवर थांबतो, हा या पद्धतीतील सर्वांत गंभीर दोष आहे आणि तो अद्याप दूर झालेला नाही.

न्यायालयीन भूमिका : पुणे महानगरपालिका विरुद्ध प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन (२००४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विकास नियंत्रण नियम करणे व बदलणे हे विधायी (कायदा करण्याच्या) स्वरूपाचे कार्य मानले. कलम ३७ खाली आलेला प्रस्ताव शासन स्वतः बदल करून मंजूर करू शकते व त्यासाठी पुन्हा हरकती मागवण्याची गरज नाही, असा त्याचा आशय आहे. त्यामुळे हरकत ऐकली जाण्याचा हक्क मिळतो, मानली जाण्याचा नाही.

अलीकडील योजना : पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूपावर २०१३ मध्ये सुमारे ८७,००० हरकती आल्या, पुढे शासनाने ते काम महापालिकेकडून काढून घेतले. मुंबईच्या २०१४–३४ च्या प्रारूपावर २०१५ मध्ये सुमारे ६५,००० हरकती आल्या. त्यात अस्तित्वातील इमारतींवरून काढलेले रस्ते, चुकलेली गावठाणे व कोळीवाडे यांच्या तक्रारी ठळक होत्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी ते दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, त्यावर सुमारे ८४,००० हरकती आल्या आणि २०१८ मध्ये शासनाने योजना मंजूर केली. हरकतींचा असा आकडा नाराजीचा पुरावा म्हणून दिला जातो. पण छापील नमुन्यावर शेकड्यांनी आलेले अर्जही त्यात मोजले जातात. दोन्ही वेळा मुदत ६० दिवसांची होती.

लहान नगरपरिषदांतील सुनावण्यांचे संकलित लेखन फारसे नाही.

गोवा : प्रादेशिक आराखडा २०११ (म्हणजे २०११ सालापर्यंतचा) याविरुद्ध ‘गोवा बचाव अभियाना’ने उभारलेल्या आंदोलनानंतर तो २००७ मध्ये मागे घेण्यात आला. २०२१ च्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृतिगटात चार्ल्स कोरिया होते. या वेळी गावनिहाय नकाशे ग्रामसभांपुढे ठेवण्यात आले.