स्वतःला कापणारा आरएनए, आणि कापण्याची नेमकी वेळ

ॲव्होकाडोच्या फळावर पिवळे-पांढरे खोलगट पट्टे पाडणारा सनब्लॉच हा रोग सुमारे २४७ न्यूक्लिओटाइडांच्या, म्हणजे साखळीतल्या मूळ घटकांच्या, एका वर्तुळाकार आरएनएमुळे होतो. त्याला प्रथिनाचे कवच नाही आणि त्याच्यात एकाही प्रथिनाची माहिती नाही. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा आरएनए जवळपास ६,४०० न्यूक्लिओटाइडांचा असतो, यावरून हे वर्तुळ किती लहान आहे ते कळेल. तरीही ते झाडाच्या हरितलवकात पोचते, तिथे स्वतःच्या असंख्य प्रती काढून घेते आणि बियांतून पुढच्या पिढीतही उतरते. अशा रोगकारकांना व्हायरॉइड म्हणतात.

व्हायरॉइडचा शोध बटाट्यात लागला. अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात थिओडोर डीनर बटाट्याचे कंद लांबट आणि निमुळते करणाऱ्या एका रोगाचा माग काढत होते. रोगट पानांच्या अर्कातली प्रथिने फिनॉलने काढून टाकली तरी अर्क रोग पसरवत होता. डीएनए कापणारे विकर घातले तरी फरक पडत नव्हता. आरएनए कापणारे विकर घातले की मात्र अर्क निरुपद्रवी होई. डीनर यांनी १९७१ मध्ये या नव्या प्रकारच्या रोगकारकाला नाव दिले. हा आरएनए बंद वर्तुळाचा आहे हे जर्मनीत हाइन्झ झेंगर यांच्या गटाने १९७६ मध्ये दाखवले आणि १९७८ मध्ये त्याच्या ३५९ न्यूक्लिओटाइडांचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला.

पण स्वतःचे एकही प्रथिन नसताना प्रती निघतात कशा, हा प्रश्न उरलाच. ॲडलेड विद्यापीठातील रॉबर्ट सायमन्स यांच्या गटाने १९८१ मध्ये ॲव्होकाडोच्या व्हायरॉइडचा क्रम वाचला आणि पुढे याच प्रश्नाला हात घातला. वनस्पतीचे पॉलिमरेज हे विकर घाण्याच्या बैलासारखे वर्तुळाभोवती फिरत राहते. वर्तुळाला शेवट नसल्याने निघणारी प्रतही थांबत नाही. एकापुढे एक जोडलेल्या अनेक प्रतींची लांबच लांब साखळी तयार होते. ती दर २४७ न्यूक्लिओटाइडांनंतर अचूक एकाच जागी कापली गेली पाहिजे. कापतो कोण?

उत्तर १९८६ मध्ये दोन ठिकाणांहून आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत जॉर्ज ब्रुएनिंग यांच्या गटाने तंबाखूच्या रिंगस्पॉट विषाणूसोबत राहणाऱ्या उपग्रह आरएनएत, तर सायमन्स यांच्या गटाने ॲव्होकाडोच्या व्हायरॉइडमध्ये दाखवले की साखळी स्वतःच स्वतःला कापते. परीक्षानळीत शुद्ध आरएनए आणि मॅग्नेशियम एवढेच पुरते. आरएनए उत्प्रेरक असू शकतो हे टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी आधी दाखवले होते आणि १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. मात्र त्यांचे रायबोझाइम, म्हणजे उत्प्रेरकाचे काम करणारे आरएनए, शेकडो न्यूक्लिओटाइडांचे होते. इथे जेमतेम पन्नासेक न्यूक्लिओटाइडांत काम होत होते.

या छोट्या रायबोझाइमला हॅमरहेड म्हणतात. त्यात तीन दुपदरी दांडे एका गाभ्याशी मिळतात. दांड्यांमधली अक्षरे (म्हणजे न्यूक्लिओटाइड) बदलली तरी जोड्या जुळत असतील तर चालते. गाभ्यातली पंधराच्या आसपास अक्षरे मात्र जवळपास ठरलेली असतात. काप बहुधा जीयूसी या त्रिकुटाच्या लगेच पुढे पडतो. त्या सी-च्या शर्करेवरचा २' हायड्रॉक्सिल गट शेजारच्या फॉस्फरसवर हल्ला करतो आणि पुढच्या न्यूक्लिओटाइडशी असलेला बंध सुटतो. एका तुकड्याच्या टोकाला २',३' चक्रीय फॉस्फेट राहते, दुसऱ्याच्या टोकाला मोकळा ५' हायड्रॉक्सिल. हल्ला करणारा ऑक्सिजन, फॉस्फरस आणि सुटणारा ऑक्सिजन हे तिन्ही एका रेषेत आले तरच हे घडते. त्यांना त्या रेषेत आणून ठेवणे हे आरएनएच्या घडीचे मुख्य काम.

हे प्रयोगशाळेत पाहायचे तर हॅमरहेडचा क्रम डीएनएत टी-७ प्रमोटरच्या, म्हणजे पॉलिमरेजला सुरुवातीची जागा दाखवणाऱ्या क्रमाच्या, मागे बसवतात आणि टी-७ पॉलिमरेजने ३७ अंश सेल्सिअसला आरएनए बनवतात. पहिली अडचण इथेच येते. त्या मिश्रणात मॅग्नेशियम लागतेच, त्यामुळे आरएनए तयार होता होताच कापला जातो. अखंड साखळी हवी असेल तर मोकळे मॅग्नेशियम कमी ठेवावे लागते किंवा हॅमरहेडच्या एखाद्या दांड्याला चिकटून बसणारा छोटा पूरक तुकडा मिसळावा लागतो. मग ७ ते ८ मोलर युरिया असलेल्या पॉलिॲक्रिलामाइड जेलवर, जिथे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात, अखंड पट्टी वेगळी करून घेतात. तो आरएनए मॅग्नेशियमशिवाय ९५ अंशांना मिनिटभर तापवून हळूहळू २५ अंशांपर्यंत थंड करतात. मॅग्नेशियम असताना तापवला तर आरएनए कुठेही तुटतो आणि प्रयोगच वाया जातो. थंड झाल्यावर ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घालायचे आणि ठरावीक वेळाने थोडा थोडा नमुना काढून भरपूर ईडीटीए असलेल्या फॉर्मामाइडमध्ये टाकायचा. ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवते आणि क्रिया थांबते.

जेलवर दोन ठळक पट्ट्या दिसल्या आणि त्यांच्या लांबींची बेरीज मूळ साखळीएवढी भरली तर काप खरा. पट्ट्यांऐवजी वरपासून खालपर्यंत पुसट धूर दिसला तर बोटांवरचे किंवा भांड्यातले आरएनेज, म्हणजे आरएनए कापणारे विकर, घुसले आहे. हे विकर चार डायसल्फाइड बंधांनी बांधलेले असते. उकळले तरी थंड झाल्यावर ते पुन्हा घडी घालून कामाला लागते, म्हणून दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हवर विसंबता येत नाही. पाण्यात आरएनेज निकामी करणारे डीईपीसी हे रसायन ०.१ टक्का घालून रात्रभर ठेवून मग ऑटोक्लेव्ह करतात. पण डीईपीसी ट्रिस बफरशी अभिक्रिया करते, तेव्हा ट्रिस आधीच शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवावे. गाभ्यातले एक अक्षर बदललेला आरएनए शेजारच्या नळीत हवाच. तोही कापला गेला तर निष्कर्ष काढायचा नाही. आणि खरा हॅमरहेडही बहुधा शंभर टक्के कापला जात नाही. काही रेणू चुकीच्या घडीत अडकून तसेच राहतात.

मला या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग याच चुकीच्या घडीत दिसतो. कापण्याची क्षमता अंगातच असेल तर तयार झालेले वर्तुळ पुन्हा कापले कसे जात नाही? ॲव्होकाडोच्या व्हायरॉइडची धन साखळी (दोन पूरक साखळ्यांपैकी मुख्य) याचे सुरेख उत्तर देते. तिच्या हॅमरहेडच्या तिसऱ्या दांड्यात अवघ्या दोन-तीन जोड्या आहेत, म्हणून एकटी घडी टिकत नाही. लांब साखळीत मात्र शेजारच्या दोन प्रती एकमेकींना आधार देऊन जोड-हॅमरहेड बांधतात आणि काप पडतो. सुट्या वर्तुळात तो आधार नसतो. शिवाय वर्तुळ आपल्या अंगाशीच जोड्या जुळवून लांबट आकार घेते आणि गाभ्याची अक्षरे त्या जोड्यांत अडकून पडतात. म्हणजे घडी जुळते ती साखळी तयार होत असतानाच, आणि एकदा काम झाले की मोडते.

संशोधकांनी सोयीसाठी हॅमरहेडच्या दांड्यांची टोके छाटून लहान रायबोझाइम वापरले होते. त्यांना सुमारे १० मिलिमोलर मॅग्नेशियम लागे. पेशीत मोकळे मॅग्नेशियम १ मिलिमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमीच असते, तर मग पेशीत काप पडतो कसा? १९९४ आणि १९९५ मधल्या स्फटिक-रचनाही अशाच छाटलेल्या रायबोझाइमच्या होत्या आणि त्यांत ते तीन अणू एका रेषेत नव्हते. रिकार्डो फ्लोरेस यांच्या व्हॅलेन्सियातील गटाने आणि स्वतंत्रपणे आणखी एका गटाने २००३ मध्ये दाखवले की पहिल्या आणि दुसऱ्या दांड्याच्या टोकांवरचे फास एकमेकांना भिडतात आणि त्यामुळे कमी मॅग्नेशियममध्येही घडी झटकन जुळते. २००६ मध्ये मोनिका मार्टिक आणि विल्यम स्कॉट यांनी न छाटलेल्या हॅमरहेडची रचना मिळवली आणि त्यात अणू जवळजवळ रेषेत सापडले. अनावश्यक म्हणून टाकलेला भागच रोगकारकाच्या उपयोगाचा होता.

कापलेले तुकडे वर्तुळात जोडायला हरितलवकातले टीआरएनए लायगेज हे जोडणारे विकर वापरले जाते, कारण त्याला चालतील अशीच टोके हॅमरहेड सोडतो. बटाट्याचा व्हायरॉइड मात्र वेगळ्या कुळातला आहे. तो केंद्रकात राहतो, त्याच्यात रायबोझाइम नाही, आणि कापणे-जोडणे दोन्ही कामे तो वनस्पतीच्या विकरांकडून करून घेतो.

हॅमरहेडमुळे आणखी एक मोजमाप शक्य झाले. गाभा बिघडवणारे उत्परिवर्तन झालेला रेणू पुढे वाढू शकत नाही, म्हणून असे बदल जितके सापडतील ते सगळे नुकतेच घडलेले. फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी शेवंतीच्या सुमारे ४०० न्यूक्लिओटाइडांच्या व्हायरॉइडमध्ये ते मोजले आणि २००९ मध्ये निष्कर्ष दिला: दर ४०० जागांमागे सुमारे एक चूक, म्हणजे सरासरी प्रत्येक प्रतीत एक बदल. तोवर मोजलेल्या कुठल्याही जैविक घटकात इतका दर आढळला नव्हता.

हेच हत्यार रोगकारकावर उलटवण्याचे प्रयत्नही झाले. हॅसलॉफ आणि गेरलाख यांनी १९८८ मध्ये हॅमरहेडचे दोन भाग केले. गाभा एका आरएनएत ठेवला, काप घ्यायची जागा दुसऱ्यात. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना लक्ष्याला जुळणारे हात जोडले की हव्या त्या आरएनएत जीयूसी शोधून काप घेता येतो. हात खूप आखूड ठेवले तर पकड बसत नाही. खूप लांब ठेवले तर कापलेले तुकडे सुटत नाहीत आणि रायबोझाइम एका कापानंतर अडकून पडते. १९९७ मध्ये बटाट्याच्या व्हायरॉइडविरुद्ध असे रायबोझाइम घातलेल्या बटाट्यांत चांगली प्रतिकारक्षमता दिसली. तरी पेशीत लक्ष्य स्वतःच घड्यांत लपलेले असते, आणि आरएनए हस्तक्षेपाची, म्हणजे दुपदरी आरएनएने लक्ष्य नष्ट करवण्याची, पद्धत हाती आल्यावर बहुतेकांनी तीच धरली.

त्यामुळे आज संरक्षण म्हणजे निरोगी मातृवृक्ष. व्हायरॉइडला प्रथिन नसल्याने प्रतिपिंडांवर चालणारी एलायझा चाचणी इथे निरुपयोगी आहे. आरएनएच्या डीएनए प्रती वाढवून शोधणारी आरटी-पीसीआर किंवा पूरक आरएनए चिकटवून घेतलेली डॉट-ब्लॉट चाचणी लागते. छाटणीच्या आणि कलमाच्या सुऱ्या एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यापूर्वी ताज्या, पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवाव्यात. हायपोक्लोराइट आरएनए नष्ट करते, नुसत्या अल्कोहोलवर किंवा ज्योतीवर भिस्त ठेवू नये. ब्लीचने पाते गंजते, म्हणून नंतर धुऊन पुसावे. सनब्लॉचमध्ये सगळ्यात धोकादायक झाड म्हणजे एकही लक्षण न दाखवणारे. लक्षणे दाखवणाऱ्या झाडाच्या बियांतून रोग क्वचितच जातो, लक्षणहीन वाहकाच्या मात्र बहुतेक बिया बाधित निघतात. झाडात व्हायरॉइड सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, म्हणून एका पानाच्या चाचणीवर झाड निरोगी ठरवू नये. वेगवेगळ्या फांद्यांची पाने एकत्र करून, वेगवेगळ्या वेळी, पुन्हा पुन्हा तपासावे.