पार्श्वभूमी : ऑस्ट्रेलियातली ‘लाँग सर्व्हिस लीव्ह’

ऑस्ट्रेलियात बहुतेक राज्यांत एकाच मालकाकडे दहा वर्षं नोकरी झाली की वार्षिक रजेखेरीज सुमारे दोन महिन्यांची भरपगारी रजा मिळते. साउथ ऑस्ट्रेलियात तर १३ आठवडे. आपल्याकडे सरकारी नोकर ३०० दिवसांपर्यंत अर्जित रजा साठवतो आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे घेतो. तिथली रजा मात्र उपभोगण्यासाठीच जन्माला आली.

१८६०च्या दशकात व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी आपल्या सरकारी नोकरांना ही सवलत दिली. नमुना होता हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या फर्लो रजेचा, म्हणजे मायदेशी जाऊन येण्यासाठीच्या लांब सुट्टीचा. सुएझ कालवा खुला झाला १८६९मध्ये. त्याआधी ऑस्ट्रेलियातून शिडाच्या जहाजाने इंग्लंड गाठायलाच तीन महिने जात, परतीचे वेगळे. एवढ्या काळात खुर्ची दुसऱ्याने बळकावू नये, ही सोय म्हणजे ही रजा. पुढे आगबोटींनी प्रवास आटोपशीर केला, रजेला मात्र कुणी कात्री लावली नाही. एकदा पदरात पडलेली सवलत कोण सोडतो?

कारखान्यातल्या कामगाराला ती मिळायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. हातांची टंचाई होती, संघटना जोरात होत्या आणि माणूस टिकवणं मालकालाही हवंच होतं. न्यू साउथ वेल्सने १९५१मध्ये कायदा केला, इतर राज्यांनी काही वर्षांतच तोच मार्ग धरला. सुरुवातीचा हिशेब २० वर्षांना १३ आठवडे, नंतर १५ वर्षांना १३. त्याच प्रमाणात दहा वर्षांचे ८.६७ आठवडे होतात. आज पगारपत्रकांत दिसणारा तो विचित्र आकडा इथूनच आला. २०१०मध्ये देशभर किमान सेवाशर्ती लागू झाल्या, तरी ही रजा मुख्यतः राज्यांच्या कायद्यांवरच राहिली.

खरी अडचण ‘एकाच मालका’ची. गवंडी इमारत संपली की दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो, त्याची दहा वर्षं भरणार कधी? म्हणून १९७०च्या दशकात बांधकामासाठी वेगळे निधी उभे राहू लागले आणि सेवेची नोंद मालकाऐवजी धंद्याशी जोडली गेली. व्हिक्टोरियाने २०१९मध्ये कंत्राटी सफाई, सुरक्षा आणि समाजसेवा या क्षेत्रांनाही तो नियम लावला. तिथे ठेकेदार कितीही बदलले तरी सात वर्षांनी रजा घेता येते.