रिबॉन्डिंगची वेळ घेण्यापूर्वी: केसांतले बंध आणि आमचे प्रश्न

रिबॉन्डिंग किंवा स्मूदनिंगसाठी, म्हणजे रसायनाने केस सरळ करून घ्यायला, आमच्या पार्लरमध्ये आलात की आम्ही आधी बरंच विचारतो. रंग कोणता लावता, मेंदी कुठली, केस पूर्वी सरळ करून घेतले होते का. यामागचं कारण केसाच्या रचनेत आहे.

केस म्हणजे मुख्यतः केराटिन हे प्रथिन. अमिनो आम्लांची साखळी मळसूत्रासारखी वळते आणि हायड्रोजन बंध ते वळण धरून ठेवतात. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना 1951 मध्ये मांडली. एकेकटा हायड्रोजन बंध कमकुवत असतो, पण त्यांची संख्या अफाट. पाणी शिरलं की ते सुटतात, केस वाळले की पुन्हा जुळतात. ब्लो-ड्राय पावसाळी हवेत टिकत नाही तो यामुळेच.

डायसल्फाइड बंधाचं तसं नाही. शेजारच्या साखळ्यांवरचे गंधकाचे दोन अणू एकमेकांना पक्के जोडलेले असतात. साधं पाणी, शाम्पू किंवा कंडिशनर त्यांना सोडवू शकत नाही. रिबॉन्डिंगच्या क्रीममधलं थायोग्लायकोलेट मात्र हेच बंध तोडतं. मग आम्ही केस सरळ बसवतो आणि न्यूट्रलायझरने गंधकाच्या जोड्या नव्या जागी जुळवतो. यात घाई चालत नाही, म्हणून तीन-चार तास हातात ठेवूनच या. शिवाय तुटलेले सगळे बंध परत जुळत नाहीत, केस दर वेळी थोडा अशक्त होतोच. त्यामुळे पुढच्या वेळी आम्ही फक्त मुळाशी नव्याने वाढलेल्या केसांना क्रीम लावतो. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात. चार महिन्यांत पुन्हा सगळे केस करून द्या, असं कुणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो.

पूर्वी सोडियम हायड्रॉक्साइडचं रिलॅक्सर (केस सरळ करणारं दुसरं क्रीम) लावलं असेल तर ते नक्की सांगा. त्याने डायसल्फाइड बंधातला गंधकाचा एक अणू कायमचा निघून जातो. अशा केसांवर थायोग्लायकोलेटचं क्रीम लावलं तर ते तुटून हातात येऊ शकतात. काही रंगांत आणि मिश्र मेंदीत धातूंचे क्षार असतात. न्यूट्रलायझरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्यांची क्रिया होऊन केस तापतात आणि जळतात.

‘केराटिन ट्रीटमेंट’बद्दलही खूप जणी विचारतात. त्यातल्या अनेक द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असतं. ते केराटिनच्या साखळ्यांमध्ये नवे जोड तयार करतं, पण गरम इस्त्री फिरली की त्याची वाफ तुमच्या आणि आमच्याकडे काम करणाऱ्या मुलींच्या श्वासात जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणारं ठरवलं. बाटलीवर मिथिलीन ग्लायकॉल लिहिलेलं असलं, तरी तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडच निघतं. आमच्याकडे ही ट्रीटमेंट होत नाही.

येताना वापरात असलेल्या रंगाचं किंवा मेंदीचं पाकीट घेऊन या. आम्ही आधी मानेजवळच्या एका बटेवर चाचणी घेतो. ती बट ताणल्यावर रबरासारखी लांबत गेली, तर त्या दिवशी रिबॉन्डिंग करणार नाही.